खाटेवरची तीज

सक्री,

तुझा पुतण्या सरकीच्या ट्रकवर नेरला आला होता. मी अंगणात तूर पाखडत होते. तो फाटकाशीच उभा राहिला, बस म्हटलं तर बसेना. म्हणाला, “काकी गेली.” मी विचारलं, “कुठं गेली?” खरंच विचारलं गं. तू सदा कुठं ना कुठं गेलेलीच असायचीस, कधी लेकीकडे, कधी जत्रेला, कधी कुणाच्या लग्नात नाचायला. त्या पोरानं मान खाली घातली तेव्हा सूप माझ्या हातातून सुटलं.

मग मी विचारलं, “छाती?” तो म्हणाला, “नाही. पोटात दुखलं. पुसदला नेईपर्यंत संपलं. छाती साफ होती.” तुझ्या मरणाची बातमी ऐकताना मला अभिमान वाटला, हे कुणाला सांगू? तुलाच सांगते. छातीनं तुला नेलं नाही. तिला आपण हरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी तुझ्या तांड्यावर जाऊन आले. तिथलं सांगतेच. पण आधी मला आपल्या वॉर्डात जाऊ दे. इथल्या बायका विचारतात, नेरची तू कुणबीण, ती फुलसावंगीकडची बंजारीण, ओळख झाली तरी कशी? मी म्हणते, खाटेला खाट लागून होती.

यवतमाळच्या बाहेर, माळावर, क्षयाच्या बायकांचा तो लांबट कौलारू वॉर्ड. मी तिथं चैत्रापासून पडून होते. माझा मुलगा दोन वर्षांचा, तो जाऊबाईंच्या हवाली. डाव्या फुप्फुसात भोक आहे एवढंच मला कळलं होतं, आणि त्या भोकातून सगळंच गळून गेलं होतं. भूक गेली, झोप गेली, पुढं पुढं तर मुलाचा चेहरासुद्धा नीट आठवेना. डॉक्टरांनी सक्त आराम सांगितला होता. मी त्यांच्याहीपेक्षा सक्त आराम करत होते. सुई घ्यायची, कडू पुडी गिळायची, दूध परत पाठवायचं आणि आढ्याकडे बघायचं. वजनाच्या दिवशी सिस्टर काटा बघायची आणि पुढच्या बाईला हाक मारायची.

ज्येष्ठात तू आलीस. बैलगाडीतून उतरलीस ती खोकत आणि हसत. तुझा तो आरशांचा घागरा, दंडापर्यंत बांगड्या, कानांवर लोंबणाऱ्या चांदीच्या घुगऱ्या. सगळा वॉर्ड उशीवरून मान उचलून बघायला लागला. छातीचा फोटो काढायचा म्हणून सिस्टरनं दागिने उतरवायला सांगितले. तू घुगऱ्या रुमालात बांधल्यास, उशीखाली ठेवल्यास आणि माझ्याकडे वळून म्हणालीस, “काय वो, तू कायले अशी पडून राह्यली?”

मी म्हटलं, “डॉक्टरनं सांगितलं.”

“डॉक्टरनं आंग टाकायले सांगितलं. तू तं जीवच टाकून पडली.”

मला राग आला. कितीतरी दिवसांनी मला काहीतरी आलं, आणि तो राग होता. मी संध्याकाळचं दूध त्या रागातच प्यायले.

मग तू खेळायला सुरुवात केलीस. उठायची परवानगी तुलाही नव्हती. म्हणून तू पडल्या पडल्याच खेळायचीस. कोडी घालायचीस. ओळखलं नाही तर हरलेल्या बाईनं कोंबडा आरवल्यासारखा आवाज काढायचा, तोही हळू, सिस्टरला ऐकू जाणार नाही असा. बोटांवर नाचायचीस. चादरीवर दोन बोटं उभी करून त्यांना तू असं नाचवायचीस की तो नवरदेव आहे, की रुसलेली सासू, की नशेत घरी येणारा तुझा दीर, हे आम्हांला खाटेवरून कळायचं. खिडकीजवळच्या खाटेवर पारू होती, केळापूरकडची, कोलाम आदिवासींची पोर, सोळा-सतराची. दोन्ही बाजूंनी छाती पोखरलेली. तिला बसायलाही बंदी होती. ती तोंडावर पदर दाबून हसायची आणि तिचे डोळे पाण्यानं भरायचे. त्या पोरीला हसताना त्या वॉर्डात कुणी आधी पाहिलं नव्हतं.

श्रावण लागला तशी तू अस्वस्थ झालीस. म्हणालीस, “आमच्या तांड्यात आता तीज पेरत असतील.” तीज म्हणजे काय ते आम्हांला माहीत नव्हतं. तू सांगितलंस. टोपलीत माती घालायची, गहू पेरायचे, रोज पाणी घालायचं, भोवती गाणी म्हणायची आणि अंकुर वीतभर वाढले की ते पाण्यात सोडायचे. तांड्यातल्या कुवाऱ्या पोरींचा सण.

मी म्हटलं, “पण तुझं तर लग्न झालंय. पोरं आहेत तुला.”

“इथं कोनाचा नवरा हाय? कोनाची सासू हाय?” तू वॉर्डभर हात फिरवलास. “इथं समद्या कुवाऱ्याच.”

आयाकडून तू गहू मागवलेस. दूध-पावडरीचे रिकामे डबे गोळा केलेस. बागेतली माती आली, गाडीतळावरचं शेण आलं. प्रत्येक खाटेखाली एक डबा. ज्याचा डबा त्यानंच पाणी घालायचं, हा तुझा नियम. ज्या बायांना उठायचं नव्हतं त्यांच्या खाटेवर आया डबा आणून धरायची आणि त्यांनी वाटीनं पाणी घालायचं. मलाही ती वाटी उचलावी लागली. चैत्रापासून मी काहीच उचललं नव्हतं. पाणी अर्धं चादरीवर सांडलं. तू म्हणालीस, “चादरीलेई तीज उगवन तुह्या.”

अंकुर वर आले त्या सकाळी डॉक्टर फेरीला आले आणि एका डब्याला त्यांचा बूट लागला. उंच, कमी बोलणारा माणूस. त्यांनी वाकून पाहिलं, मग पुढच्या खाटेखाली पाहिलं, मग तिच्या पुढच्या. सिस्टर पांढरी पडली. आम्ही सगळ्या श्वास धरून. ज्यांच्याकडे मुळात श्वासच थोडा, त्या आम्ही.

“हे कुणी केलं?”

“म्या केलं,” तू म्हणालीस. “औषधाच्या आड नाही येत जी. निस्ते गहू हायेत.”

डॉक्टर सिस्टरला म्हणाले, “ह्यांची वजनं दाखव.” सिस्टरनं कागद पुढे धरला. त्यांनी तो खाली-वर दोनदा वाचला. मग माझ्याकडे बघून विचारलं, “जेवतेस?” मी मान हलवली. मी जेवत होते. कधीपासून ते मलाच कळलं नव्हतं.

ओरडणार, डबे फेकायला लावणार, असं वाटत होतं. त्यांनी एक स्टूल ओढलं आणि ते तुझ्या खाटेपाशी बसले. “खेळ,” ते म्हणाले, “पण औषधासारखा. कुणाला किती, ते मी सांगणार.” आणि मग ते खाटेखाटेपाशी गेले. ही पडूनच टाळ्या वाजवेल. हिनं उशीला टेकून बसायचं, गाणं नाही, नुसते ओठ. हिनं वऱ्हांड्यापर्यंत चालायचं आणि परत. मला म्हणाले, “तू रोज ह्या बाईच्या खाटेपर्यंत जाऊन यायचं.” दोन खाटांमधलं अंतर ते केवढं! पण मला त्यांनी मुंबईला जायला सांगितलं असतं तरी एवढं नवल वाटलं नसतं. खेळ हा आजारपण विसरण्यासाठी असतो असं मी समजत होते. इथं एक शिकलेला डॉक्टर माणूस आणि एक अक्षरशत्रू बाई मिळून, कुणाच्या अंगात आज किती खेळ मावेल ते ठरवत होते. तू त्यांना सांगायचीस, “हे आज थकली, हिले कमी द्या.” आणि ते कमी द्यायचे.

तीज पाण्यात सोडायचा दिवस आला. पारूची तीज सगळ्यांत उंच आली होती. तिनं तुझा पदर धरला. तिला वऱ्हांड्यात यायचं होतं. डॉक्टरांनी खूप वेळ तिची छाती ऐकली. मग म्हणाले, “खाटेसकट न्या. हळू.” तोवर तुला चालायची मुभा मिळाली होती; तू आणि आया, दोघींनी खाट ढकलली. वऱ्हांड्यासमोर पाण्याची उघडी टाकी होती, तीच आपली नदी. पाऊस नुकताच उघडला होता, माळावर ऊन-सावली पळत होती. तू तुमच्या बोलीतलं गाणं धरलंस, बाकीच्यांनी टाळी. आणि तुझं गाणं संपल्यावर पारू तिच्या बोलीत गायला लागली.

त्यातला एक शब्द आपल्यापैकी कुणाला कळला नाही. आवाज तरी काय होता तिच्यात? शिट्टीएवढा. पण तो सरळ वर चढत गेला. आया हातातला डबा घेऊन तशीच उभी. डॉक्टर दारात होते, त्यांनी चष्मा काढला. ज्या छातीत काही उरलं नाही असं सगळे म्हणत होते, त्या छातीतून ते गाणं येत होतं. मी तेव्हापासून पुष्कळ गाणी ऐकली, सक्री. देवळातली, लग्नातली, रेडिओवरची. तसं माझ्या अंगावर पुन्हा काही आलं नाही.

त्याच आठवड्यात पारूच्या तोंडातून रक्त आलं आणि ती गेली.

तू भिंतीकडे तोंड केलंस. दूध नको, पुडी नको. मी तुझ्या खाटेपाशी यायची, तू बोलायची नाहीस. एकदाच म्हणालीस, “म्याच नेलं तिले भाईर.” डॉक्टर येऊन बसले. म्हणाले, “बाई, मला तर ती श्रावण बघेल असंही वाटलं नव्हतं. नेऊ का म्हणून तू विचारलंस, हो मी म्हटलं.” तू ऐकून घेतलंस आणि पांघरूण डोक्यावरून ओढलंस. तुझं वजन उतरायला लागलं. माझं चढत होतं. मला त्या काट्याची लाज वाटायची.

भाद्रपदातली पौर्णिमा आली. त्या दिवशी आमच्याकडे भुलाबाई बसते. पोरी मातीची भुलाबाई मांडतात, महिनाभर रोज संध्याकाळी गाणी म्हणतात आणि शेवटी खिरापत. ती बंद डब्यात असते, डबा वाजवायचा आणि आत काय ते आवाजावरून ओळखायचं. हे मला आठवलं आणि मी उठून बसले. पडून खेळता येईल असा याहून चांगला खेळ कोणता?

बागेतल्या मातीची मी भुलाबाई केली. नाक तिरपं झालं. सिस्टरला म्हटलं, “सक्रीला अंघोळीला न्याल तेव्हा तिच्या उशीखालचा रुमाल मला द्या.”

“मला चोरी करायला लावतेस?” सिस्टर म्हणाली. पण तिनं तो दिला.

संध्याकाळी गाणी झाली. तुझी पाठ आमच्याकडे. पहिला डबा मी खाटेखाटेशी जाऊन वाजवला; फुटाणे होते, ते लगेच ओळखले. दुसऱ्यात खारका. तिसरा डबा मी तुझ्या खाटेजवळ जाऊन वाजवला. बारीक, दाटीवाटीचा, चांदीचा आवाज.

“चिल्लर!” एक म्हणाली.

“किल्ल्या!”

“पैंजण!”

पांघरुणाखाली तुझा खांदा हलला. मी पुन्हा वाजवला.

“चोट्टे हो!” तू ताडकन उठून बसलीस. “माही घुगरी हाय ते!”

केस मोकळे, डोळे लाल, हात पुढे. मी डबा मागे घेतला. म्हटलं, “अशी नाही मिळायची. ओळखलं त्यानं गाणं म्हणायचं.” मग तू मला तुझ्या बोलीत शिव्या दिल्यास. किती वेळ! कुणाला काही कळत नव्हतं आणि सगळा वॉर्ड हसत होता, हसता हसता खोकत होता, सिस्टर “हळू, हळू” करत धावत आली. आणि त्या शिव्यांच्या मधेच तुझा आवाज फुटला. तू “पारू” म्हणून हंबरडा फोडलास. ती गेल्यापासून तू रडली नव्हतीस. मी तुला धरलं. तुझ्या बरगड्या माझ्या हाताला लागत होत्या. रडून झाल्यावर तू नाक पुसलंस आणि सिस्टरला म्हणालीस, “दूध हाय का?”

तुला दूध पाजून मी माझ्या खाटेकडे वळले तेव्हा माझ्या लक्षात आलं, आज मी किती चालले ते. दोन खाटांचं अंतर नव्हतंच ते. डबा वाजवत मी सगळा वॉर्ड फिरले होते. मला धाप लागली नव्हती. मी तिथं उभी राहिले, छातीवर हात ठेवून. ही माझीच छाती का, असं वाटलं.

औषध नसतं तर आपण मेलो असतो, हे मला माहीत आहे. तू म्हणायचीस, “सुईनं काय होते?” तेव्हा मी तुझ्याशी भांडायची. तीच सुई मी चैत्रापासून घेत होते आणि तरी वजन उतरतच होतं, हेही तितकंच खरं. डॉक्टरांना मी घरी जाताना विचारलं, नेमकं कशानं बरं वाटलं? ते म्हणाले, “मला ठाऊक असतं तर मी ते सगळ्यांना दिलं असतं.” मला त्या माणसाचं हे उत्तर फार आवडलं होतं.

घरी जाताना तू मला एक गोष्ट शिकवलीस. माझा मुलगा मला ओळखणार नाही, या भीतीनं मी सुकले होते. तू म्हणालीस, “त्याले ये ये करू नको. त्याच्यासमोर बस आन् एकटीच खेळत राह्य. येइन तो.” तसंच झालं. तो जाऊबाईंच्या लुगड्याआड लपला. मी अंगणात फतकल घालून बसले आणि सागरगोटे खेळायला लागले. ऊन उतरेपर्यंत खेळले. शेजारीपाजारी म्हणाले, हिला छातीचं होतं की डोक्याचं? मग एक छोटा हात आला आणि त्यानं एक सागरगोटा उचलून माझ्या तळहातावर ठेवला. मी खाली बघत राहिले. वर बघितलं असतं तर रडले असते, आणि तो पळाला असता.

मग वर्षातून एकदा आपण छातीच्या फोटोला यवतमाळला यायचो, ठरवून एकाच दिवशी. नवं राज्य झालं त्या वर्षी तू म्हणालीस, “आपून पडलो तवा मुंबई होती, उभे राह्यलो तं महाराष्ट्र झाला.” बसस्टँडवर फुटाणे खात आपण वर्षभराच्या गोष्टी तासात उरकायचो. आणि दरवेळी पारूपाशी येऊन अडायचो.

गेल्या हिवाळ्यातही तेच. तू म्हणालीस, “म्या तिले भाईर नेलं नसतं तं जगली असती आनखी.”

“किती?” मी चिडून विचारलं. “एखादा दिवस?”

“एक दिस तं एक दिस. तो तिचा होता.”

“आणि वऱ्हांड्यातला? तो कुणाचा होता?”

तू फुटाण्याची साल फुंकलीस. म्हणालीस, “तोई तिचाच होता.”

तेवढ्यात पुसदची गाडी लागली. तू चढलीस. खिडकीतून हात केलास. ते भांडण तिथंच उभं आहे, सक्री. मी वर्षभर त्याला उत्तर शोधत होते. यंदा सांगणार होते तुला, की तू खरी आहेस आणि मीही खरी आहे, आणि हे दोन्ही धरून राहायला मला तू हवी आहेस. आता हे दोन्ही मला एकटीला धरायचं आहे.

तुझ्या तांड्यावर पोचले तेव्हा पुरुष लिंबाखाली बसले होते. बायका एकमेकींच्या गळ्यात पडून सुरात रडत होत्या. तुमचं रडणंही गाण्यासारखं असतं, हे तू कधी सांगितलं नव्हतंस. मी साध्या लुगड्यातली, तुझा पुतण्या सोडला तर कुणाच्याच ओळखीची नाही. पोरं माझ्याकडे बघायला लागली. माहेराहून आलेली तुझी आई भिंतीला टेकून बसली होती. तिचे डोळे गेलेत, हे मला तिनं हात पुढे केला तेव्हा कळलं. तिनं माझा हात चाचपला, मनगट चाचपलं, तिथं नुसत्या काचेच्या बांगड्या.

“तू कुण छी?”

तुझा पुतण्या म्हणाला, “याडी, काकीची आई, विचारते, तुमी कोन?”

मी गोंधळले. दवाखान्यातली म्हणू? तांड्यात किती जणांना ते माहीत होतं, कुणास ठाऊक. त्या रोगाचं नाव तुझ्या दारात, तुझ्या धाकट्या पोरींच्या सोयरिकी व्हायच्या असताना, मी कसं घेऊ? मैत्रीण म्हणू? तो शब्द फार शाळेतला वाटला.

“मी सक्रीसंग खेळत होते,” मी म्हटलं.

पुतण्यानं माझ्या पिकल्या केसांकडे पाहिलं. मग त्यानं तिच्या कानाशी वाकून ते तुमच्या बोलीत सांगितलं. म्हातारीनं माझं मनगट तसंच धरून ठेवलं. मग तिनं गुडघे आवळले, लेकी-सुनांना कोपरानं सरकवलं आणि आपल्या बाजूची जमीन हातानं थोपटली.

“बेस,” ती म्हणाली.

तेवढा शब्द मला कळला. मी बसले.